मस्कतची बाटली

सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा आम्ही मुलुंडला राहत होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मी त्याच संध्याकाळी वहीचा कागद आखून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. तारीख, वेळ, गोळी, खूण. पालेभाजीने गोळीचा जोर कमी होतो म्हणून पालेभाजीचे वारसुद्धा लिहिले.

चार महिने उत्तम चाललं. मग त्यांच्या दंडांवर काळेनिळे डाग दिसू लागले. "भिंतीक लागला असात," त्या म्हणायच्या. दोन खोल्यांच्या घरात लागायला एवढ्या भिंती होत्या कुठे? आणि एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. टॉवेल भिजला. नवऱ्याने रिक्षा आणली आणि आम्ही रुग्णालय गाठलं.

तपासणीत रक्त प्रमाणाबाहेर पातळ निघालं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, गोळी चुकून दोनदा दिली जात नाही ना?"

निघताना दारामागून काढून पर्समध्ये टाकलेला कागद मी टेबलावर ठेवला. एकही खूण जास्त नव्हती. चार महिने घड्याळ लावून गोळ्या द्यायच्या आणि वर हे ऐकून घ्यायचं!

"कागद छान आहे," डॉक्टर म्हणाले. "दुसरं काही औषध चालू आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "छे," नवरा म्हणाला. सासूबाईंनी नाकातला बोळा सांभाळत नाही अशी मान हलवली.

त्यांना दाखल करून घेतलं, गोळी थांबवली. "त्यांच्या तोंडात जे जे जातं ते पिशवीत घालून घेऊन या," डॉक्टरांनी मला सांगितलं.

घरी येऊन मी पिशवी भरायला घेतली. हिंगाष्टक, मुखवास, दंतमंजन. नवरा शेजारी उभा राहून बघत होता.

"मग हे पण घ्यायचं का?"

त्याने सासूबाईंचं लोखंडी कपाट उघडलं. त्यात मी कधी हात घालत नसे. मस्कतला असलेल्या धाकट्या दिराकडून जे येई ते सगळं तिथे कुलपात जाई. अत्तर, साबण, दुधाची पावडर. त्यांच्यामागून नवऱ्याने लोणच्याच्या बरणीएवढी बाटली काढली. 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल.

"हे कधीपासून?"

"झाला असेल महिना. सकाळी तू डबे भरत असतेस ना, तेव्हा दुधाबरोबर देतो. पत्रात एक लिहिली होती, पण आईला थकवा जास्त, म्हणून मी दोन देतो."

"दोन! आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडात काय होतं तुझ्या?"

"अगं, त्यांनी औषध विचारलं. हे व्हिटॅमिन आहे!"

मी बाटली पिशवीत टाकली. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर शेजारचे गोळा झाले असते.

डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटली सरळ आपल्या खणात टाकली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर एवढं जोरदार 'ई' म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण, असं त्यांनी नवऱ्याला दोनदा समजावलं. यापुढे त्यांना विचारल्याशिवाय टॉनिकचा चमचाही द्यायचा नाही.

सासूबाई मात्र खाटेवरून माझ्यावरच उखडल्या.

"तां औषद न्हय गो! माझ्या झिलान धाडलेली ताकद ती."

"आई, त्या ताकदीनंच नाकातून रक्त वाहिलं," मी म्हणाले.

"मगे तेका काय कळवू? फेकून दिलंय म्हणान?"

"कळवा, आई वाचली म्हणून," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

हळूहळू तपासणीचे आकडे जागेवर आले, गोळी पुन्हा सुरू झाली, डाग पिवळे पडून गेले. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मला पत्र लिहायला बसवलं.

"लिही गो. बाटली पावली. बरा वाटता."

मी तसंच लिहिलं. मग त्या आंघोळीला गेल्यावर खाली माझ्या नावाने चार ओळी वाढवल्या. काय झालं ते सगळं, कितीदा टॉवेल बदलला तेही, आणि गिळायची कुठलीही वस्तू पुन्हा धाडू नका. नवऱ्याला वाचून दाखवलं, पाकीट बंद केलं आणि पेटीत मीच टाकून आले.