ज्यांना दिसू नये ते सहा जण

मी याद्या करते. किराण्याची, दवाखान्याच्या तारखांची, कोणाकडे आपला कोणता डबा अडकला आहे त्याची. डायरीच्या शेवटच्या पानावर एक यादी वेगळी आहे. तिचा मथळा 'यांना दिसू नये'. तीत सहा नावं आहेत आणि पहिलं माझ्या थोरल्या नणंदेचं.

हे पान मोबाईलवरच्या स्टेटससाठी. ते कोणाला दिसावं हे ठरवायला फोनमध्ये दोन रस्ते आहेत. एक, हे सोडून सगळे. दुसरा, फक्त हेच. दोन्ही एकाखाली एक. कुठल्याही रस्त्यावर बोट ठेवा, तीच नावांची रांग आणि शेजारी तेच गोल. ज्याने हे बनवलं त्याला सासर नसावं.

नणंद शहापूरला असते, आमच्या भंडाऱ्याच्या घरापासून हाकेवर. माझ्या मुलीच्या लग्नात आहेराच्या यादीतली एक ओळ वरखाली झाली, आणि तिला व स्वयंपाकाच्या बाईला एकाच रंगाची साडी गेली. तिने बोलणं बंद केलं ते दोन वर्षं. त्याच आठवड्यात मी तिला शेवटच्या पानावर घेतलं.

यंदा दिवाळीनंतर तिचा आपणहून फोन आला, मंडईला ये म्हणून. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाची तारीख वेगळी. दिवसा दंडारीचं नाचगाणं, पाळणे, दुकानं, आणि घरोघरी जेवायला पाहुणे. मंडईचं बोलावणं कोणी नाकारत नाही. पण गेले असते तर ताटात वड्यांच्या आधी साडीचा विषय वाढला गेला असता.

"ताई, गुडघा धरला आहे जी," मी म्हटलं. "पायरीबी चढता येत नाही."

"बरं. राहू दे," ती म्हणाली.

तो आवाज मला आवडला नाही. पुन्हा ती बोलावणार नाही, हे त्यात स्पष्ट होतं.

पाच दिवसांनी बपेऱ्याची मंडई आली. बपेरा माझं माहेर. गुडघा बरा झाला. भावजयीसोबत मी आकाशपाळण्यात बसले, वर गेल्यावर दोन्ही हात सोडले, पाय लांब केले, आणि भावाने खालून फोटो काढला. इतका सुरेख फोटो फोनमध्ये ठेवून काय करायचं? पण फोन नवा होता, जुन्या याद्या त्यात आल्या नव्हत्या. जिलेबीच्या दुकानापुढे उभी राहून मी पिशवीतून डायरी काढली आणि एकेक नाव वाचून सहा गोलांवर खुणा केल्या.

"मंडईत डायरी कोण आणते, बाई?" भावजय म्हणाली.

"ज्याले नातेवाईक आहेत तो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला आल्यावर कोणी कोणी पाहिलं ते बघितलं. पाच नावं. पाचही डायरीतली. मी दुसऱ्या रस्त्याने गेले होते. सगळ्या गोतावळ्यापासून फोटो लपला होता आणि ज्यांच्यापासून लपवायचा, नेमका त्यांनाच दाखवला होता. तो लगेच काढून टाकला. सहावं नाव मात्र नव्हतं, म्हणून मी निवांत चहा ठेवला.

"तुमच्या बहिणीनं पाहिलं नाही," मी यांना सांगितलं.

यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "तिचं नाव कोणाच्याच यादीत येत नाही. तिले सगळ्यांचं दिसते, तिनं पाहिलं ते कोणाले दिसत नाही. तशी सोय असते फोनमध्ये."

"तुम्हाले काय माहीत?"

"मीच करून देलं."

चहा उतू गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"गुडघा कसा आहे?" नणंद.

"बरा आहे, ताई."

"दिसला. चांगला वर होता."

मी गॅस बंद केला.

"दोन वर्षांनी तुहं स्टेटस दिसलं मले," ती म्हणाली. "मले वाटे, तू ठेवतच नाही. मंग सून म्हणे, मामी तं रोज ठेवते. तवा समजलं. काल दिसलं तं म्हटलं, चला, हिनं कुलूप काढलं."

कुलूप काढलं नव्हतं, चुकीच्या दाराला लागलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

"पण खोटं काहून बोलली?"

"साडीच्या भेवानं."

"ते साडी? तिची तं मी कवाच गोधडी शिवली. रविवारी ये. लाखोळीच्या डाळीचा डबा माळ्यावर आहे, शिडी लावून ठेवतो. तुहा गुडघा मजबूत आहे."

रविवारी मी शिडी चढून डबा उतरवला. तिने खाली शिडी धरायच्या ऐवजी फोटो काढला आणि 'गुडघा बरा झाला' असं लिहून स्टेटसला ठेवला. कोणाला दिसावा, कोणाला नाही, असला विचार तिने केला नाही. संध्याकाळपर्यंत पानावरच्या उरलेल्या पाच जणांनी फोन करून गुडघ्याची चौकशी केली.

घरी आल्यावर मी पहिलं नाव खोडलं. सध्या पेन्सिलीनं.