देविदासच्या पिकअपचं मागचं एक्सल

गॅरेजवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुन्या नट-बोल्टचा डबा असतो ना, तसे ते आपोआप साचतात. कुठून आले माहीत नाही, फेकवत नाहीत, आणि हवा तो कधी हाताला लागत नाही. मंगरूळपीरला कारंजा रोडवर माझं आणि रफिकभाईचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. माझी कंबर गेली, त्यांचे गुडघे गेले, डबा मात्र भरतच चाललाय. त्यातले हे देविदासच्या गाडीचे. एकाच एक्सलचे, पण प्रत्येकानं आम्हाला रडवलंय!

*

देविदास आठ किलोमीटरवरच्या खेड्यातला. जुनी पिकअप, आणि गावाचं सोयाबीन मार्केटला पोचवणं हा धंदा. त्या दिवशी गाडी ट्रॅक्टरच्या मागं बांधून आणली. मागचं एक्सल तुटलेलं. सगळं वजन ज्याच्यावर बसतं, तेच. वर्षात तिसऱ्यांदा!

"किती पोते होते?" रफिकभाईंनी विचारलं.

"वीस."

"हा. अन् बाकीचे?"

देविदास खाली पाहायला लागला. "मी नोतो भाऊ. साळा घेऊन गेल्ता."

तिन्ही वेळा साळाच. बायकोचा धाकटा भाऊ. यायचा, चहा प्यायचा, खुंटीवरची चावी घ्यायचा.

"मंग त्याले नाई म्हनता येत नाई काय?" मी म्हणालो.

"तुमी म्हना बरं तुमच्या साळ्याले!"

मी पाना शोधायला लागलो. मला दोन आहेत.

"गावानं सांगतलं," देविदास म्हणाला, "आता गाडी बसली तं आमी दुसरी पाहू. सोयाबीन निंगाले पंधरा दिवस राह्यले. साळा काई मले रोखता येत नाई. तुमी एक्सलच मोठं टाका."

*

मोठ्या गाडीचं एक्सल पाहायला आम्ही कारंज्याला भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं पहिलं दाखवलं. "मास्तरच्या गाडीचं हाय. कदी चाळीसच्या वर पळवली नाई."

दुसरं दाखवलं. तेही मास्तरचं. तिसरंही!

रफिकभाई म्हणाले, "हे मास्तर शाळेत कवा जात होते?"

भंगारवाला जरासुद्धा हलला नाही. "जात नोते म्हून तं गाड्या इकाव्या लागल्या!"

चौथं घेतलं. त्याचा मालक कोण हे त्याला आठवेना, म्हणून आमचा भरोसा बसला.

*

आता ते आणायचं कसं? देविदासची गाडी तर मागून ठोकळ्यांवर चढवलेली. साळा म्हणाला, "मी आनतो नं!" आणि कोणाचा तरी टेम्पो मागून घेऊन गेला.

संध्याकाळी एक्सल आलं. टेम्पोही आला, पण चार माणसं ढकलत. क्लच जाळून ठेवला होता पठ्ठ्यानं!

मी कपाळावर हात मारला. रफिकभाई मात्र खूश. "कायले डोक्याले हात लावता? हा तं आपला एजंट हाय. पगार नाई, कमिशन नाई, अन् दर महिन्याले गिऱ्हाईक आनते!"

साळ्याला हे फार आवडलं. तो बसून आमचाच चहा प्यायला.

*

मोठं एक्सल म्हणजे सगळंच मोठं. स्प्रिंगचे पाटे जिथं बसतात त्या बैठका जुळेनात, ब्रेकचा पाइप पुरेना, मधला शाफ्ट चार बोटं लांब. बैठका कापल्या, नव्या वेल्डिंग केल्या. शाफ्ट लेथवाल्याकडे नेला, तर तिकडे लाइन गेलेली. आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून कारण विचारायचा, "काहून खोललं?"

सांगून सांगून तोंड दुखलं. पाचव्या दिवशी रफिकभाईंनी दारावर खडूनं लिहिलं: 'एक्सल बदलून राह्यलो.'

दुपारी पाहतो तर खाली कोणीतरी लिहून गेलेलं: 'काहून?'

*

सातव्या दिवशी रफिकभाई गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. मी बाजूला नट धूत होतो. देविदास आला, स्टूल ओढलं आणि त्या पायांशीच बोलायला लागला.

"भाऊ, साळ्याले काई म्हनलं का बायको दोन दिवस बोलत नाई. काईच नाई म्हनलं तं गाव हासते. मले राग बी येते अन् लाज बी वाटते. कागदावर गाडी माही, अन् चावी कोनाच्याही हातात. पंधरा वर्सं झाले, मी एकदा तरी नाई म्हनलो काय? तुमीच सांगा."

पाय काही बोलेनात. दहा मिनिटं तो बोलला. शेवटी मी वाकून पाहिलं. रफिकभाई गाढ झोपलेले, छातीवर पाना!

देविदास उठला. "पाहा, माह्यं इथंही कोनी आयकत नाई," म्हणाला आणि गेला. मला आधी हसू आलं. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

*

नवव्या दिवशी एक्सल बसलं. चाकं लावली, ऑइल भरलं, गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली. देविदास नारळ घेऊनच आला होता. सीटवर बसला, हात जोडले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागं गेली! थेट आमच्या पाण्याच्या ड्रमवर.

"पहिला टाक ना बावा!" मी ओरडलो.

"पहिलाच हाय!"

दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागं!

मी आणि रफिकभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. बावीस वर्षांचे मिस्त्री आम्ही! एक्सलच्या मधोमध गिअरचा गोळा असतो. तो वर-खाली कसाही धरा, बोल्ट बसतात. आम्ही उलटा बसवला होता. आता मागं जायला चार गिअर, आणि पुढं जायला एकच, तोही रिव्हर्सचा.

रफिकभाई तिथंच जमिनीवर बसले. "या अल्ला, पुन्हा खोला आता!"

मला रडू यायचं बाकी होतं. देविदास चिडेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली.

"म्हंजे जो बसन, तो मांगं जाईन?"

"हो."

"अन् मले पुढं न्यायची तं रिव्हर्स टाकायचा?"

"हो रे बाबा. चुकलं आमचं. उद्या सकाळी आण, दुपारपर्यंत सुलटा करून देतो."

तो पुन्हा बसला. रिव्हर्स टाकला आणि गाडी कण्हत-कुथत पुढं काढली. पार रस्त्यापर्यंत नेली. तिथं पहिला टाकून तशीच मागं आणली आणि बरोबर आमच्यासमोर उभी केली. नऊ दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

खिडकीतून त्यानं मला जवळ बोलावलं. इकडं-तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला,

"परवा खोला भाऊ. उद्या साळा येऊन राह्यला."