संघ गेल्यानंतरचा शनिवार

कॅनडातल्या आमच्या गावच्या रिंकवर शनिवारी संध्याकाळी एक यंत्र बर्फ गुळगुळीत करत फिरतं. खेळायला मात्र कुणी उतरत नाही. गावातल्या पोरांचा आइस हॉकीचा संघ गेल्या हिवाळ्यात बंद पडला. तरी आमचे हे सवयीनं येऊन बसतात, आणि शेजारी गुडघे चोळत मी.

लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच सामन्यात दोन पोरं हातघाईवर आली. नळावरची भांडणं सोडवण्यात माझा हातखंडा! पदर खोचून थेट रिंकभोवतीच्या काचेपाशी गेले आणि दोघांना मराठीतून झाप झाप झापलं. हे मागून ओरडले, "अगं, बस! खेळातलंच आहे ते." केवढी शहाणी समजत होते मी स्वतःला! पुढच्या हिवाळ्यात मीच ओरडत होते, "हाण मेल्याला!"

ती पोरं आता बाप झालीत, टकली झालीत. मेलं कुणीच नाही, तरी काहीतरी गेलंय. माणूस गेलं की दिवस होतात, तेरावं होतं, गोडाचं जेवण करून घर पुन्हा कामाला लागतं. संघाचं असं काही नसतं. त्यामुळे ह्यांचं सुतक फिटतच नाही, आणि गारठ्यात बसून बसून मीही थकले.

आज म्हटलं, "अहो, उद्या गोडाचं करते. शिरा. पुढच्या शनिवारी घरीच बसू."

हे रिकाम्या बर्फाकडे एकदा बघून उठले. मग म्हणाले, "बेदाणे घाल."