ब्रेक कुणी दाबला?

मी देवाला हात जोडते, पण ते सवयीनं. नजर लागणं, अंगात येणं यातलं मला काही पटत नाही. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला मी लिंबू-मिरचीसुद्धा बांधू दिलेली नाही, त्यावरून नवऱ्याशी वाद झालेत. त्यामुळे "ताई, तुम्ही आधीपासूनच मानत असणार" असं कृपया कुणी लिहू नका. मानत नव्हते. आता काय मानते, ते मलाच सांगता येणार नाही.

आमचं स्कूल कोल्हापुरात, राजारामपुरीत. मी आणि माझा नवरा सचिन, दोघंही शिकवतो. शिकवायच्या गाडीत आमच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मी माझा दाबला की शिकणाऱ्याच्या बाजूचाही खाली जातो. उलट मात्र होत नाही.

शेजारच्या सीटवर इतकी वर्षं बसून एक गोष्ट पक्की कळलीय. समोर अचानक काही आलं की नवा माणूस ब्रेक दाबतच नाही. कुणी स्टिअरिंग सोडून तोंडावर हात घेतं, कुणी घाबरून रेसच दाबतं. एक बाई तर "अगं बाई" म्हणून माझ्याकडेच बघत बसल्या होत्या, गाडी आपली चाललेली. जुन्या ड्रायव्हरचंही फार वेगळं नसतं... डोळ्याला दिसणं आणि पाय हलणं यात थोडा वेळ जातोच.

म्हणूनच सुनंदाकाकू मला खटकल्या.

काकू उचगावच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, घरी म्हशी, डेअरीला दूध घालतात. नवऱ्याला, म्हणजे आप्पांना, पॅरालिसिसचा झटका आलेला. उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. त्यांची व्हॅन दारात नुसती उभी. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला. "दर वेळी दवाखान्याला न्यायला कुणाकुणाच्या पाया पडू? शिकवा की मला," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

सुरुवातीचेच दिवस. सकाळी उचगावातल्या एका गल्लीतून जात होतो. कडेला टेम्पो उभा. त्याच्या अलीकडेच आमची गाडी कच्चकन थांबली आणि आचका देऊन बंद पडली. मी विचारणार, थांबलात का... तेवढ्यात टेम्पोमागून सायकलवर एक शाळकरी मुलगी सरळ रस्त्यात आली आणि इकडंतिकडं न बघता निघून गेली.

"शाब्बास काकू," मी म्हटलं. "फक्त क्लच विसरलात."

"मी कुठं दाबलो?" काकू म्हणाल्या. "तुमीच दाबला न्हवं?"

मी दाबला नव्हता. वाटलं, घाबरल्यात, कळलं नसेल.

मग ऊस वाहतुकीचे दिवस आले. चढावर आमच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालला होता, मी काकूंना अंतर ठेवायला सांगितलेलं. मध्येच गाडी पुन्हा तशीच थांबली. कच्चकन, आणि बंद. पुढं काहीही झालं नव्हतं. मागं हॉर्न सुरू झाले. एका मोटरसायकलवाल्यानं शेजारून जाताना शिवी हासडली. आणि तो पुढं जातो न जातो, मागची ट्रॉली सुटली. उसासकट उलटी घसरत आली आणि आमच्यासमोर आडवी पडली. मोटरसायकलवाला गाडी टाकून शेतात पळाला म्हणून वाचला. उसाच्या पाल्याचा धुरळा बसायच्या आत लोकांनी मोबाइल काढले होते. हॉर्न मात्र मागं चालूच... त्यांना काय, पुढचं दिसत नव्हतं.

 काकू पुन्हा तेच म्हणाल्या. "मी रेसवरनं पाय काढलोच न्हाई मॅडम. तुमीच दाबला."

आता मला संशय आला, आणि तो काकूंचाच आला. ही बाई आधी गाडी चालवत असणार. आणि चांगली चालवत असणार. मग खोटं का बोलते? कधी काही अपघात केलाय, तो लपवतेय का? गॅरेजमध्ये गाडी दाखवली. ब्रेक, केबल, सगळं ठीक. मग काकूंच्या सहीचं निमित्त काढून मी न सांगता त्यांच्या घरी गेले.

काकू रानात गेल्या होत्या. आप्पा खुर्चीत बसलेले. सुनेनं चहा दिला. काकूंनी आधी कधी गाडी चालवलीय का, असं मी आडून विचारलं, तर ती हसली. सासूला ती आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. "आत्यांनी सायकलबी चालवली न्हाई कधी." मग आपणहून म्हणाली, "एक चांगलं झालंय बघा ताई. मामांचा उजवा पाय हलाय लागलाय. परवा ते ट्रॉलीचं झालं न्हवं, त्या सकाळी असा जोरात आपटला की स्टूलच पडलं. आदी एकदा बी आपटलेला."

"आदी म्हणजे?"

"आत्या क्लासला जायला लागल्या, त्याच आठवड्यात की."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. आप्पांची टाच बघितली, काळीनिळी झाली होती. पहिला विचार आला तो सांगते : हे तिघं मिळून काहीतरी करतायत. पण काय करतायत आणि माझ्याशी का, ते सुचेना.

मी घरी येऊन सचिनला सांगितलं. तो हसला. तरी दोघांनी ठरवलं, काकूंना एक दिवस तो नेईल, आणि त्या वेळी मी आप्पांजवळ बसेन. कशासाठी ते काकूंना नाही सांगायचं, सुनेला नाही सांगायचं. सचिनला बजावलं, रस्ता कुठलाही घे, पण नजर काकूंच्या पायावर ठेव.

मी आप्पांसमोर बसले. ते पेपर बघत होते, सून भाकरी थापत होती. बराच वेळ काहीच नाही. मला स्वतःचंच हसू यायला लागलं होतं... आणि धाडकन पाय आपटला. डावा नाही, उजवा. फरशी वाजली. आप्पांच्या हातातला पेपर पडला. त्यांचा चेहरा मी बघितला, तो नाटक करणाऱ्या माणसाचा नव्हता. ते घाबरले होते.

मी बाहेर येऊन सचिनला फोन लावला. त्याचा आवाज बदललेला.

"आत्ता पाण्याचा टँकर रिव्हर्स आला गल्लीतून. गाडी आधीच थांबली. बंद पडली."

"पाय?"

"रेसवर होता. मी बघत होतो. ब्रेक आपोआप खाली गेला." मग म्हणाला, "मी तर नाही दाबला, तुझी शपथ."

मी आत गेले आणि आप्पांना सरळच विचारलं. "आप्पा, ब्रेक तुम्ही दाबताय का?"

त्यांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "मी... न्हाय. ती... दाबतीया." आणि डाव्या हातानं स्वतःच्या उजव्या मांडीवर थापटलं.

म्हणजे बायकोचा पाय आपल्या पायात येतो, असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणतात, मॅडमच दाबतात. मी दाबत नाही.

काकू आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी आप्पांची टाच हातात घेऊन बघितली. "मग शिकायचं बंद करायचं व्हय?" असं त्यांनी आप्पांना विचारलं, मला नाही.  काकू उठल्या. "बसवा ह्यास्नी गाडीत."

मी चूक केली असेल. पण त्या दिवशी आप्पांना मी माझ्या सीटवर बसवलं आणि मागं बसले. हाताशी काही नाही, पायाशी काही नाही. सचिनच्या शिव्या अजून खाते त्याबद्दल. रस्ता गावामागचा, रिकामा निवडला होता. वळणावर एक स्कूटरवाला राँग साइडनं आला. माझा पाय सवयीनं खाली गेला, तर तिथं नुसतं मॅट. गाडी थांबेना. मग काकूंनी ब्रेक दाबला. उशिरा, पण क्लचसकट, जसा कुठलाही नवा माणूस दाबेल तसा. स्कूटर हातभरावरून गेली. आप्पांचा पाय जागचा हलला नाही.

गाडी बंद पडली नव्हती. आप्पा काकूंकडे वाकून काहीतरी बोलले. बराच वेळ, तुटक तुटक, हळू आवाजात. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि गिअर टाकला.

त्यानंतर ते पुन्हा कधी झालं नाही. काकूंना लायसन मिळालं, आप्पांना दवाखान्याला त्याच नेतात. परवा तर गारगोटीला पाहुण्यांकडे जाऊन आल्या. आप्पांचा उजवा पाय पुन्हा हलला नाही, डॉक्टर म्हणतात आता हलणारही नाही.

मेंदू, नसा, योगायोग... सगळं विचारून झालंय. ब्रेकचं उत्तर कुणीच देत नाही. पण खरं सांगू, मला संशय ब्रेकचा नाहीच. त्या दोघांना काहीतरी माहीत आहे, असं मला अजून वाटतं. लायसन घ्यायला काकू आल्या तेव्हा मी विचारलंच, "त्या दिवशी गाडीत आप्पा काय म्हणाले?"

काकूंनी लायसन पिशवीत नीट ठेवलं.

"ते घरचं बोलणं हाय, मॅडम," म्हणाल्या, आणि व्हॅनची किल्ली घेऊन पायऱ्या उतरल्या.