धोंडीबाचा साफ फोटो

धोंडीबा गेल्याचा निरोप आमच्या गावाहून, पेडगावहून आला तेव्हा मी वर्गात पाढे घेत होतो. निरोप्या दारात नुसताच उभा राहिला आणि मला समजलं. तरी पाढा मी पुरा करून घेतला... महिना होत आला, पण राग उतरत नाही. त्याच्यावरचा थोडा, माझ्यावरचा बराच.

मेंढरांमागं हिंडलेला हा माझा बालमित्र. रोज सकाळी एकेका मेंढीची कास बोटांनी चाचपायचा. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली तरी तिला बाजूला काढायचा. "डोळा फसतो मास्तर, हात फसत न्हाई," म्हणायचा. त्याच हाताला दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना स्वतःच्या डाव्या स्तनाच्या बोंडाखाली गाठ लागली. हे मला फार उशिरा कळलं. मला तो एवढंच म्हणाला, "खोकला लय झालाय. हैदराबादेला छातीचा फोटू काढतेत म्हणं. चल माज्यासंगं."

रेल्वेत सबंध वाटेत तो एकदाही खोकला नाही, आणि मी शहाणा मात्र क्षयाच्या भीतीत, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. दवाखान्यात सदरा काढल्यावर त्यानं डाव्या छातीवर हात दाबून धरला. यंत्रावरच्या माणसानं "हात खाली" म्हटलं तसा हात सोडला, पण डोळे मिटून घेतले. मग फोटो येईपर्यंत बाकावर बसून तो घोंगडीच्या दशा पिळत राहिला. डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं, फोटो उजेडाला धरला आणि "फुप्फुसं साफ आहेत" म्हणाले. धोंडीबाचा चेहरा असा उजळला की मी त्याला जिलेबी खाऊ घातली. गावभर "फोटो साफ आला" सांगत मीच फिरलो.

गाठ फुटून जखम झाली तेव्हा त्याच्या बायकोनं, चंद्रभागावहिनींनी, मला बोलावून घेतलं. "बायांचं दुखणं मला झालं, कुणाला सांगू?" तो म्हणाला. डॉक्टरांना का नाही सांगितलंस, असं मी चिडूनच विचारलं. "फोटूत आतलं समदं दिसतंय म्हणला व्हतास की तूच. मंग आपल्या तोंडानं कशाला सांगायचं?" हैदराबादेला निघताना मी तसं म्हणालो होतो, खरंच. परभणीच्या डॉक्टरांनी समजावलं, तो फोटो फुप्फुसांचा होता. ही कॅन्सरची गाठ पुरुषालाही होते, हाताला लागते, पण दाखवावी लागते. आता उशीर झाला होता.

शेवटच्या भेटीत तो अंथरुणावरूनच म्हणाला, "मास्तर, सदरा काढ." मी लाजत काढला. बोटांनी तो दोन्हीकडं, पार काखेपर्यंत चाचपत राहिला. मग म्हणाला, "काई न्हाई. घाल सदरा. पर दर म्हैन्याला बगत जा."

तो फोटो वहिनींनी मला देऊन टाकला. माझ्या खिडकीत तो उभा आहे. ऊन आलं की बरगड्या दिसतात, बाकी सगळं साफ. काल दार लावून मी सदरा काढला. बोटं कशी फिरवायची ते आठवत होतं... किती दाबायचं, ते विचारायला धोंडीबा नव्हता.