वजन प्रायव्हेट करायला लावणाऱ्या उज्ज्वलाताई

माझ्या कोडमुळे एका बाळाला हजारपट औषध लिहिलं गेलं असतं.

नाही गेलं. कारण शेजारच्या खुर्चीत उज्ज्वलाताई होत्या.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं.

कुही गावाहून नागपूरला आले तेव्हाची माझी पहिलीच नोकरी. धंतोलीत, जिन्यावरचं छोटं ऑफिस. सहा माणसं, एक कूलर, आणि कूलरसमोरची जागा सिनियर म्हणून ताईंची.

आम्ही लहान मुलांच्या एका हॉस्पिटलसाठी जावामध्ये सॉफ्टवेअर बनवत होतो. पेशंटचा क्लास, म्हणजे पेशंटच्या माहितीचा साचा, मी लिहिला. नाव, वय, वजन... सगळं पब्लिक. म्हणजे प्रोग्राममध्ये कुठूनही कोणीही यावं आणि त्यात हवं ते भरून जावं.

काम लवकर झालं म्हणून मी खूश!

डेमोच्या दोन दिवस आधी ताई टेस्टिंगला बसल्या. एका नवजात बाळाची एन्ट्री केली आणि थांबल्या.

"इकडं ये वं. हे बाळ अठ्ठावीसशे किलोचं आहे का?"

नवजात बाळांची स्क्रीन आमच्या सुमितने केली होती. त्याने वजन ग्रॅममध्ये घेतलं आणि सरळ माझ्या वजनाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे रकान्यात, टाकलं. डोसची स्क्रीन तोच आकडा किलो समजत होती.

मी रडायलाच लागले.

"ताई, मले नाही जमत हे. मले घरी वापस जायचं आहे."

ताई हसल्या. त्या हसल्या की खुर्चीसुद्धा कुरकुरायची.

"रडून काहून राहिली? आधी वजनासमोरचं पब्लिक खोड. प्रायव्हेट लिही."

लिहिलं. स्क्रीनवर एकदम सतरा लाल एरर.

"दिसलं? इतक्या जागी लोक तुले न विचारता वजनाले हात लावून राहिले होते. आता ज्याले वजन भरायचं, तो सेटरमधून, म्हणजे तुह्या एकाच दारातून येईन. अन् तिथं तू विचार, किलो का ग्रॅम? हत्तीचं वजन सांगन, तर सरळ नाही म्हण."

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी सतराच्या सतरा जागा दुरुस्त केल्या.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "माझी. तपासायचं काम माझं होतं. अन् डेमो हीच देईन."

डेमोला हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी मुद्दाम उलटसुलट आकडे टाकले. अठ्ठावीसशे किलोही टाकून पाहिलं.

स्क्रीनवर आलं, "वजन तपासा."

मॅडम खळखळून हसल्या. "आमच्या नव्या डॉक्टरांपेक्षा हे बरं. विचारतं तरी!"

मी मागे वळून पाहिलं. ताई भिंतीला टेकून, दोन्ही अंगठे वर करून उभ्या!

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या आजारी पडल्या. भेटायला गेले तेव्हा इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं.

"ताई, चूक माझी होती. मी तेव्हा गप्प राहिले."

"माहीत आहे वं. पण तू टिकली ना? मग झालं."

मग साहेबांच्या नकला सुरू झाल्या. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेवटी ताईंचे यजमान, भाऊजी, दारात आले. "डॉक्टरनं आराम सांगितला आहे."

ताई म्हणाल्या, "डॉक्टरले सांगा, आरामच करून राहिली. ही आली म्हणून."

तीच शेवटची भेट.

ताई, मनापासून नमस्कार.