नवतप्यातली हार्ड डिस्क

नागपूरच्या इतवारीतल्या रुपराव गिरीपुंजेनं घरी कॉम्प्युटर बांधायला घेतला, तेव्हा गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. हा गडी लग्नात आहेर आलेलं घड्याळसुद्धा आधी खोलून बघणारा आणि मग भिंतीवर टांगणारा. सव्वीस वर्षं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा तो कुहीकडचा, धानवाल्या घरातला धाकटा. बापाला तो शेतात हवा होता, पण थोरली बहीण पंचफुला बापाशी चार दिवस भांडली आणि याला रेडिओचं काम शिकायला नागपूरला धाडून मोकळी झाली. हे तो विसरला नव्हता, आणि विसरू देईल अशी ती बाईही नव्हती.

साल एकोणनव्वद. बोर्ड आला, कीबोर्ड आला, दोन महिन्यांनी पडदा आला. सगळं मुंबईहून, एकेक करून. पेटी तेवढी शेजारच्या देवाजीनं केली. देवाजीचा धंदा कुलरच्या पत्र्याच्या पेट्या बनवायचा, तेव्हा त्यानं ही पेटीही तशीच बनवली. दोन्ही बाजूंना जाळ्या, रंग तोच हिरवा. दुकानात येणारं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, यात पाणी कुठून टाकता? रुपराव चिडायचा आणि त्याची बायको वच्छला पदर तोंडाला लावून आत पळायची.

हा एवढा खटाटोप होता बहिणीसाठी. पंचफुलाबाई आता साठीला आल्या होत्या, एकट्या होत्या आणि कुहीतच राहत. समाजात कुणालाही मुलाचं, मुलीचं स्थळ बघायचं झालं की तो आधी त्यांच्या ओसरीवर यायचा. कोणाचं कुळ कोणतं, आजोळ कुठलं, कोणत्या घरात मुलगी सुखी राहील, हे चारशे बारा घरांचं त्यांना तोंडपाठ होतं. वह्याही होत्या, पण त्यांतल्या खाणाखुणा त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसत. आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अशात समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष गणपतराव यांनी जाहीर करून टाकलं की यंदाच्या उपवर-वधू मेळाव्यात छापील फॉर्म भरून घेऊ, तोंडी माहितीवर मंडळ चालायचं नाही. पंचफुलाबाईंनी बायकांत बसावं आणि जेवून जावं. जेवून जावं म्हणे! चाळीस वर्षं जिनं अर्ध्या समाजाची लग्नं जुळवली, तिला!

रुपरावला हे झोंबलं. तो गणपतरावांना भेटला आणि म्हणाला की बाईच्या डोक्यातली सगळी माहिती मी मशीनमध्ये घालून आणतो. गणपतराव माणूस वाईट नव्हता, नुसता नियमाचा होता. मेळाव्यात मशीन दिवसभर नीट चाललं तर तीच यादी मंडळाची आणि तिच्यावर नाव पंचफुलाबाईंचं. नाही चाललं तर फॉर्म आहेतच, असं ठरलं. मेळावा मेच्या शेवटच्या रविवारी, कुहीत. म्हणजे ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत.

राहिली होती हार्ड डिस्क. ती मेच्या सुरुवातीला आली, चाळीस एमबीची, विटेएवढी जड, आणि सोबत तिला हाकणारं कंट्रोलर कार्ड. रुपरावनं एकदा एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर पाहिला होता. तिथं थंडगार खोली होती आणि बाहेर चपला काढून जायचं होतं. त्याच्या डोक्यात तेच बसलेलं. त्यानं मशीन घरातल्या कुलरसमोर मांडलं, खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या बांधल्या आणि वच्छलालाही तिच्याच घरात चपला दाराबाहेर काढायला लावल्या.

मग काम सुरू झालं. कार्डावरच्या इवल्या पिना जोडल्या, दोन चपट्या केबली लावल्या. कार्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्राम होता, तो एक आकडा टाइप करून जागा करायचा. डिस्कच्या अंगावर कारखान्यानं खराब जागांची चिठ्ठी चिकटवलेली होती. वच्छला चिठ्ठी वाचत गेली, हा आकडे टाकत गेला. त्यानंतर प्रोग्राम कोऱ्या तबकडीवर वाटा आखत सुटला, आपण जमिनीत धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले वाफे, पाडतो तशा. याला फॉरमॅट म्हणतात. शेवटी ड्रायव्हर. बत्तीस एमबीच्या पुढची डिस्क त्या मशीनला ओळखूच येत नसे. ती ओळख पटवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि मशीन सुरू होताना तो आपोआप वाचला जावा म्हणून त्याचं नाव एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं. रुपरावनं लिहिलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि पडद्यावर चाळीसच्या चाळीस एमबी दिसल्या. त्यानं वच्छलाला हात धरून उठवलं आणि खोलीभर एक फेरी मारली. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण काय करता.

पंचफुलाबाई येऊन राहिल्या. नऊ दिवस त्या सांगत गेल्या आणि रुपराव एका बोटानं टाइप करत गेला. यादी भरली. आणि ऊन एकदम चढलं त्या दहाव्या दिवशी दुपारी मशीन म्हणालं की डिस्क वाचता येत नाही.

पुढचे चार दिवस काही विचारू नका. त्यानं ड्रायव्हर पुसून पुन्हा घातला, केबली बदलल्या, पिना काढल्या आणि घातल्या. प्रत्येक वेळी मशीन सुरू व्हायचं, हा देवाला हात जोडायचा आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तो जेवेना. बहिणीच्या समोर जायलाही त्याला लाज वाटू लागली.

कोडं सुटलं ते वच्छलाच्या बादलीनं. कुलरमध्ये पाणी भरायचं काम तिचं होतं.

“मी चार दिवसांपासून पाहून राहिली,” ती म्हणाली. “कुलरचं पानी संपलं का अर्ध्या घंट्यानं तुमचं मशीन रुसते. मी पानी भरलं का लाडात येते. तुमी उगाच त्या ड्रायव्हरले शिव्या देऊन राहिले.”

रुपराव आधी हसला. मग वच्छलानं त्याच्या हातात पितळेचा पिठाचा डबा दिला. सकाळी अलगद उघडणारं त्याचं झाकण दुपारच्या तापात हलेना. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटा आखल्या गारव्यात, खसच्या हवेत. दुपारी धातू तापून फुगला की त्या वाटा केसभर सरकत आणि डिस्कचा वाचणारा काटा बांधी सोडून तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उतरे. आता कुहीच्या मंडपात कुठला आलाय कुलर? म्हणजे आखणीच उन्हातली हवी.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुलर चालू ठेवून सगळी यादी फ्लॉप्यांवर उतरवून घेतली. मग दुपारी बारा वाजता कुलर बंद केला, ताट्या काढल्या, मशीनला दोन तास नुसतं तापू दिलं आणि दोनच्या ठोक्याला नव्यानं फॉरमॅट लावला. बाहेर शेहेचाळीस डिग्री. डोक्यावर ओले पंचे टाकून दोघं नवराबायको घामानं निथळत पुन्हा ते खराब जागांचे आकडे वाचत बसले. पंचफुलाबाई दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “काहून गा रुप्या, यालेच कॉम्प्युटर म्हणते का?” वच्छलाला इतकं हसू आलं की एक आकडा दोनदा वाचला गेला.

ड्रायव्हर घातला, यादी परत चढवली. आता सकाळी मशीनला तासभर तापू द्यावं लागे, त्याआधी ते कुरकुरायचं. पण एकदा तापलं की भर दुपारी घोड्यासारखं पळायचं.

रविवारी मॅटाडोरमध्ये गाद्यांवर बसून मशीन कुहीला गेलं. मंडपाच्या कडेला टेबल मिळालं. रुपरावनं नऊलाच ते तापत ठेवलं आणि अकराला नावं धाडधाड निघू लागली. लोकांची ही गर्दी! बायका नाव सांगत, मशीन त्या कुळाबाहेरची जुळणारी स्थळं बाईंनी लावून दिलेल्या क्रमानं काढून देई. एका कोपऱ्यात पंचफुलाबाई वह्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या.

बारा वाजता गणपतराव स्वतः आपल्या भाचीचं स्थळ विचारायला आले. येताना पाहुण्यांसाठी आणलेला मंडपातला एकुलता एक कुलर दोन माणसांकडून उचलवून त्यांनी मोठ्या अगत्यानं मशीनसमोर ठेववला. वीस मिनिटं ते बाजूच्यांना मशीनचं कौतुक ऐकवत बसले. मग रुपरावनं भाचीचं कुळ टाइप केलं, आणि पडद्यावर आलं की डिस्क वाचता येत नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मागे कुणीतरी हसलं. गणपतरावांनी खिशातून छापील फॉर्म काढला. पंचफुलाबाईंना दिसत कमी होतं, पण ऐकू चांगलं येत होतं. त्यांनी गाठोडं उचललं आणि बायकांच्या पंगतीकडे जायला उठल्या. रुपराव त्यांना अडवायला टेबलामागून उठला. आता रडूच कोसळणार, इतक्यात त्याला मानेवर गार वारा लागला.

“गणपतराव,” तो ओरडलाच, “मशीनले कुलर नोको! तो बाईकडं फिरवा, बाईकडं!”

गणपतरावांना काही कळेना, पण आवाजच असा होता की दोन माणसांनी कुलर उचलून पंचफुलाबाईंसमोर नेऊन ठेवला. कुणीतरी गडबडीत त्यांना खुर्चीही दिली. मशीन तापायला अर्धा तास लागणार होता. तेवढ्यात करायचं काय, म्हणून गणपतरावांनी खालच्या आवाजात त्यांनाच भाचीचं विचारलं. बाईंनी डोळे मिटून तीन घरं सांगितली. एक कन्हानचं, एक कामठीचं, आणि तिसरं सांगताना म्हणाल्या की पोरगा चांगला आहे पण सासू घास मोजते. एकच्या सुमाराला पडदा सुधारला. त्यावर तीन नावं आली, तीच तीन, त्याच क्रमानं.

गणपतरावांनी फॉर्म घडी करून खिशात परत ठेवला. माइकवर जाऊन त्यांनी सांगितलं की यंदापासून मंडळाची यादी ही पंचफुलाबाईंची यादी. टाळ्या पडल्या, आणि रुपरावनं घामाच्या निमित्तानं पंच्यानं डोळे पुसून घेतले.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोन रांगा लागल्या. मशीनकडून नावं घ्यायची आणि बाईंकडे जाऊन माणसं कशी आहेत ते विचारायचं. कुलरच्या वाऱ्यानं बाईंचा पदर उडत होता. चारच्या सुमारास त्यांनी भावाला हाक मारली.

“रुप्या, ये ना गा इकडं. थंडी हवा खाय.”

“नाई वं बाई,” रुपराव टेबलामागून म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तोंडभर हसू होतं. “मी अन् मशीन गरमीतच बरे. तू बस.”